आरसा सीटवर बसून निवडा : कस्टम मोटारसायकलचे आरसे, खरेदीपासून बसवणीपर्यंत

गाडी मॉडिफाय करताना आरशाची पाळी नेहमी शेवटी येते. टाकीचा रंग ठरतो, सीट शिवून येते, सायलेन्सरवरून मित्रांत महिनाभर वाद होतात आणि गाडी गॅरेजबाहेर काढायच्या दिवशी कोणाला तरी आठवतं, "अरे, आरसे कुठले लावायचे?" तोवर खिसा रिकामा झालेला असतो. मग मोबाइलवर सगळ्यांत स्वस्त गोल जोडी मागवली जाते. फोटोत ती झकास दिसते. रस्त्यावर मात्र तिच्यात स्वतःचं कोपर सोडून काही दिसत नाही.

मी हे दोनदा केलंय. दुसऱ्या वेळी साताऱ्याहून परतताना, खंबाटकीच्या बोगद्याच्या थोडं अलीकडे, उजव्या हँडलच्या टोकाचा आरसा सावकाश फिरला आणि मान टाकून खाली लोंबकळला. मागून ट्रक येत होता हे मला त्याच्या हॉर्नमुळे कळलं. चूक माझीच होती, ती कशी हे पुढे सांगतो. त्यानंतर मात्र मी आरसा विकत घेण्याआधी गाडीवर बसून एक तास घालवायला शिकलो. तिथूनच सुरुवात करू.

आधी बैठक, मग आरसा

आरसा कुठे असावा हे तुमचा डोळा आणि तुमचं कोपर ठरवतं. हँडल दोन इंच खाली गेलं की डोकं पुढे झुकतं, कोपरं बाहेर येतात आणि कंपनीने दिलेला आरसा जिथे रस्ता दाखवत होता तिथे आता जॅकेटची बाही दाखवतो. सीट खाली केली, फूटरेस्ट मागे नेले, तरी डोळ्याची जागा बदलते. म्हणून हँडल, सीट आणि फूटरेस्ट पक्के होईपर्यंत आरशावर रुपयाही खर्च करू नका.

ते झाल्यावर एखादा जुना आरसा शोधा. स्कूटरचा, दांडी तुटलेला, कुठलाही चालेल. गाडी मेन स्टँडवर घ्या. तो नसेल तर एकाला पुढून हँडल धरायला सांगा. जे घालून गाडी चालवता ते सगळं अंगावर चढवा : जॅकेट, हेल्मेट, पाठीवरची बॅगसुद्धा. टी-शर्टवर बसून केलेली मोजणी पावसाळ्यात रेनकोट घातला की बाद होते. हात ग्रिपवर, नजर समोर. आता दुसऱ्याने तो जुना आरसा हातात धरून वेगवेगळ्या जागी न्यायचा : हँडलच्या वर, टोकाला, टोकाच्या खाली. तुम्ही मान न हलवता, फक्त डोळे वळवून बघायचं. जिथे मागचा रस्ता मोकळा दिसेल तिथे चिकटपट्टीने खूण करा आणि गाडीच्या मध्यरेषेपासून ती जागा किती बाहेर आहे ते टेपने मोजा.

हा आकडा लिहून ठेवा. युरोपात दुचाकीच्या आरशांसाठी संयुक्त राष्ट्रांचा ८१ क्रमांकाचा नियम लागू आहे. त्यात आरशाचा मध्य गाडीच्या मध्यरेषेपासून किमान २८० मिलिमीटर बाहेर हवा असं म्हटलंय. म्हणजे दोन आरशांच्या मध्यांत किमान ५६ सेंटिमीटर अंतर. जॅकेट घातलेल्या साधारण माणसाचे खांदे ५० ते ५५ सेंटिमीटर भरतात, हे लक्षात घेतलं की तो आकडा हवेतून आलेला नाही हे पटतं. खांद्याच्या आत बसवलेला आरसा तुम्हाला तुमचाच खांदा दाखवणार.

इथे एक जाता जाता. आपल्याकडे कॅफे रेसर, म्हणजे खाली हँडल आणि पुढे झुकलेली बैठक असलेल्या गाड्यांचे फोटो बघून नक्कल करायची पद्धत आहे. ही शैली लंडनची, १९६०च्या आसपासची, नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या पोरांची. पण आज मोबाइलवर दिसणारे फोटो बहुतेक अमेरिका आणि युरोपातले. तिथे, ब्रिटनसारखे मोजके देश सोडले तर, रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात, म्हणून एकच आरसा लावायचा असेल तर ते डावीकडे लावतात, कारण त्यांना ओव्हरटेक डावीकडून होतं. तोच फोटो दाखवून कोणी पुण्यात फक्त डावा आरसा लावला की त्याच्या गाडीला डोळा आहे, पण चुकीच्या बाजूला. आपल्याकडे उजवा आरसा आधी. आणि सिग्नलला डावीकडून घुसणाऱ्या स्कूटरी बघता खरं तर दोन्ही हवेतच.

किती मोठा?

वरच्याच नियमात आकाराचेही आकडे आहेत आणि ते खरेदीला फार उपयोगी पडतात. आरशाचं क्षेत्रफळ किमान ६९ चौरस सेंटिमीटर हवं. गोल आरसा असेल तर व्यास किमान ९४ मिमी, जास्तीत जास्त १५० मिमी. लांबट आरशात निदान ७८ मिमी व्यासाचं वर्तुळ मावलं पाहिजे.

बाजारात जे देखणे छोटे गोल आरसे मिळतात ते बहुधा तीन इंची, म्हणजे ७६ मिमीचे. त्यांचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम ४५ चौरस सेंटिमीटर. व्यास फक्त १८ मिमीने कमी, पण काच एक तृतीयांशाहून जास्त घटली. दुकानात जाताना ९४ मिमीची पुठ्ठ्याची चकती कापून खिशात ठेवा. ती काचेवर ठेवायची, काच तिच्याआड पूर्ण लपली आणि चकती बाहेर आली तर आरसा परत. नाना पेठेतल्या दुकानदाराने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं होतं. चालायचंच.

युरोपात मंजूर झालेल्या आरशावर वर्तुळातलं ई आणि शेजारी देशाचा आकडा कोरलेला असतो : १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन. ही खूण आरशाच्या पाठीवर किंवा काचेच्या कडेला सापडते. खोटी खूण छापणारेही आहेत, त्यामुळे खूण बघून चकती खिशात परत घालू नका. आपल्याकडची मानकं पुण्यातच, कोथरूडला वेताळ टेकडीवर असलेल्या, वाहनांची चाचणी करणाऱ्या एआरएआय या संस्थेमार्फत निघतात. कंपनीच्या गाडीवर येणारे आरसे त्या चाचणीतून गेलेले असतात. म्हणूनच, दिसायला साधे असले तरी, दुसऱ्या एखाद्या मॉडेलचे कंपनीचे मूळ आरसे आणून लावणं हा अतिशय शहाणपणाचा आणि स्वस्त मार्ग आहे. कोणी तो घेत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

काचेचा फुगवटा आणि एटीएम कार्ड

आकारापेक्षाही ज्याकडे दुर्लक्ष होतं ती गोष्ट म्हणजे काचेचा बाक. मोटारसायकलचा आरसा सहसा बहिर्वक्र असतो, म्हणजे बाहेर फुगलेला. त्यामुळे जास्त रस्ता दिसतो, पण सगळं लहान आणि दूर भासतं. नियमाप्रमाणे त्या फुगवट्याची त्रिज्या १००० ते १५०० मिमी असावी.

याचा अर्थ हिशेबाने बघू. समजा तुमच्या २० मीटर मागे एक कार आहे आणि आरसा डोळ्यापासून ६५ सेंटिमीटरवर. त्रिज्या १२०० मिमी असेल तर सपाट आरशाच्या तुलनेत कार साधारण निम्मी दिसते, म्हणजे ती ४० मीटर लांब आहे असं वाटतं. याची सवय होते. पण स्वस्त आरशात त्रिज्या ६०० मिमी असेल तर तीच कार एक तृतीयांशच दिसते. मेंदू म्हणतो, "अजून ६० मीटर आहेत, निघ." इतकी लहान काच एवढा रस्ता कशी दाखवते म्हणून आपण खूश होतो, त्यामागचं गुपित हे असं असतं.

दुकानात त्रिज्या मोजायची कशी? स्टीलची सहा इंची पट्टी आणि चार एटीएम कार्डं घ्या. ९४ मिमीच्या आसपासचा, कडेला उंच रिम नसलेला आरसा असेल तर पट्टी काचेच्या मधोमध आडवी टेकवा. ती मध्यावर टेकेल आणि दोन्ही कडांना फट राहील. ठीक बाकाच्या आरशात ही फट पाऊण ते सव्वा मिलिमीटर असते. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिमी. तेव्हा दोन्ही कडांखाली एकाच वेळी एकेक कार्ड जेमतेम सरकलं तर काच चांगली. दोन्हीकडे दोन-दोन कार्डं सहज जायला लागली तर बाक फार आहे, ठेवून द्या. एकाच बाजूला कार्ड घालून बघू नका, पट्टी दुसऱ्या बाजूला कलते आणि फट दुप्पट वाटते.

आणखी एक तपासणी अर्ध्या मिनिटाची. दुकानातली ट्यूबलाइट आरशात बघत आरसा सावकाश फिरवा. नळी कुठेही लाटेसारखी वाकडी झाली तर काच खराब आहे. निळ्या रंगाच्या काचा दुपारी छान वाटतात, संध्याकाळी मात्र दिवे न लावलेली गाडी त्यांत हरवते. मी साधीच काच घेतो.

आटे जुळवणे

सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते इथे. हँडलवर लिव्हरच्या क्लॅम्पला आरशाचं भोक असतं. त्याचे आटे बऱ्याच गाड्यांवर १० मिमी व्यासाचे आणि १.२५ मिमी अंतराचे असतात, काहींवर ८ मिमीचे. गडबड अशी की हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा १० मिमी बोल्ट १.५ मिमी अंतराच्या आट्यांचा असतो. तो क्लॅम्पमध्ये दोन फेरे जातो, मग अडतो, आणि "थोडं जोर लावू" म्हणत पाना फिरवला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. मोजणी सोपी आहे. आरशाच्या दांडीचे लागोपाठ ८ आटे मोजा. लांबी १० मिमी भरली तर अंतर १.२५, १२ मिमी भरली तर १.५. जुनी दांडी आणि नवी दांडी शेजारी धरून आट्यांत आटे बसतात का हेही बघा, तेवढंही पुरतं.

यामाहाच्या बऱ्याच गाड्यांवर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. पहिल्यांदा भेटणारा माणूस हमखास चुकतो, कारण सैल करायला जावं तो आवळतो. यामागे विचार आहे. पुढून काही आपटलं तर उजवा आरसा मागे ढकलला जातो, म्हणजे वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो. साध्या आट्यांत तो आवळला जाऊन दांडी किंवा क्लॅम्प तुटेल, उलट्या आट्यांत तो सैल होऊन वळतो. अशा गाडीला साधा आरसा लावायचा असेल तर उलट्याचे सुलटे करणारा ॲडाप्टर मिळतो. तो घ्या. टॅप मारून आटे बदलण्याच्या फंदात पडू नका.

हार्ले-डेव्हिडसनच्या बहुतेक गाड्यांवर क्लॅम्पला आटेच नसतात, आरपार भोक असतं आणि खालून नट लागतो. आणि कस्टम लिव्हर बसवले असतील तर कधी कधी आरशाचं भोकच नसतं. तिथे हँडलला आवळायचा वेगळा क्लॅम्प लागतो. तो घेताना नळीचा व्यास सांगा : आपल्या बहुतेक गाड्यांना २२ मिमी, मिस्त्रींच्या भाषेत सात सूत, आणि हार्लेसारख्या गाड्यांना एक इंच, म्हणजे आठ सूत. मधे जाड आणि टोकाला बारीक होणारी हँडलं मध्यावर २८.६ मिमी असली तरी ग्रिपच्या भागात २२च असतात.

दांडीचा आरसा बसवताना

हे काम वीस मिनिटांचं. रबराची टोपी वर सरकवा, चेकनट (दांडी जागेवर जखडणारा नट) सैल करा, जुना आरसा काढा. भोकातली माती कापडाने पुसून घ्या. नव्या दांडीवर चेकनट पूर्ण वर चढवा, मग दांडी हाताने फिरवत आत घाला. पान्याशिवाय शेवटपर्यंत गेली पाहिजे. ॲल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीडपट, म्हणजे १० मिमी दांडीचे १५ मिमी आटे आत असावेत. नुसत्या चार आट्यांवर लटकलेला आरसा खड्ड्यात क्लॅम्पचे आटे घेऊन बाहेर येतो.

दांडी तळाला टेकली की तिथेच आवळू नका. हवी ती दिशा येईपर्यंत किंचित मागे फिरवा, एका हाताने धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने चेकनट खाली आणून आवळा. लांब पाना नको, हातभर लांबीच्या पान्याने ओतीव क्लॅम्प सहज चिरतो. निळ्या रंगाचा, पुन्हा उघडता येणारा थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा गोंद, एक थेंब पुरे. लाल लावलात तर पुढच्या वेळी गॅसचा टॉर्च शोधावा लागेल.

दांडीचा आरसा उलटा करून हँडलच्या खाली आणायची एक टूम आहे. दिसायला छान, आणि रुंद हँडलवर चालतेही. मात्र हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, आरसा टाकीला किंवा गुडघ्याला लागता कामा नये. माझ्या एका मित्राने टाकीवर नवा रंग लावून आठवडाही झाला नव्हता.

हँडलच्या टोकाचा आरसा

कॅफे रेसरवर शोभणारा आणि खाली झुकलेल्या बैठकीत खरोखर कामाला येणारा प्रकार हाच. कोपराच्या बाहेर असल्यामुळे मागचं मोकळं दिसतं. किंमत मोजावी लागते रुंदीत. गाडी दोन्ही बाजूंना वाढते. विकत घेण्याआधी तुमच्या वाड्याचं किंवा सोसायटीच्या पार्किंगचं सगळ्यांत अरुंद फाटक मोजा. मला रोज एक आरसा दुमडून गाडी आत घ्यावी लागते, म्हणून दुमडता येणाराच घ्या.

आता माझी चूक. हा आरसा बहुधा नळीच्या आत जाणाऱ्या रबराच्या किंवा धातूच्या फुगणाऱ्या खुंटीवर बसतो. ॲलन की फिरवली की पाचर ओढली जाते आणि खुंटी फुगून नळीला आतून आवळते. माझ्या हँडलच्या नळीचं भोक १८ मिमी होतं, खुंटी पूर्ण फुगली तरी १७ च्या पुढे जात नव्हती. मी वर इन्शुलेशन टेप गुंडाळली. घट्ट बसल्यासारखं वाटलं. उन्हाने टेपचा गोंद पातळ झाला, कंपनांनी बाकीचं केलं आणि खंबाटकीजवळ आरसा फिरला. लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची पातळ बुशिंग, म्हणजे फट भरणारी नळकांडी, करून घेतली असती तर हे टळलं असतं. नंतर तेच केलं.

म्हणून क्रम असा ठेवा.

१. मूळ टोकाचं वजन काढा. त्याचा स्क्रू बऱ्याचदा कारखान्यातूनच गोंद लावून आलेला असतो. चांगल्या बसणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरने किंवा ॲलन कीने, आधी थोडं गरम करून, एका झटक्यात फिरवा. घासत राहिलात की डोकं गोल होतं.

२. व्हर्निअरने नळीचं आतलं भोक मोजा. लोखंडी हँडलला ते साधारण १७-१८ मिमी असतं, ॲल्युमिनियमची भिंत जाड असल्यामुळे १४ च्या आसपास. काही हँडलांत आत नट वेल्ड केलेला असतो. तिथे फुगणारी खुंटी जाणारच नाही, त्या नटाच्या आट्यांचा बोल्ट लागेल. म्हणून आधी मोजणी, मग ऑर्डर.

३. ग्रिपचं टोक बंद असेल तर ते धारदार पात्याने गोल कापा. रेसच्या बाजूला आतली प्लॅस्टिकची नळीही टोकाला बंद असू शकते, तीही उघडावी लागते. कापलेले तुकडे आत राहू देऊ नका.

४. नळीच्या आतलं ग्रीस आणि गंज पेट्रोलच्या फडक्याने पुसा, पूर्ण सुकू द्या. खुंटी कोरडीच बसवायची.

५. आरसा आत घाला, अंदाजे दिशेला धरा, आवळा. मग दोन्ही हातांनी फिरवायचा प्रयत्न करा. फिरला तर तो अजून बसलेला नाही.

६. रेसच्या बाजूला ग्रिप आणि आरशाचा पाया यांत दीड-दोन मिलिमीटर फट ठेवा. ही पायरी कधीच गाळू नका. इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे वळवा, रेस पूर्ण उघडा आणि सोडून द्या. ती स्वतःहून चटकन मिटली पाहिजे. तेच हँडल उजवीकडे वळवून करा, मग सरळ ठेवून. ग्रिप आरशाला घासून रेस उघडी राहिली तर पहिल्याच वळणावर गाडी तुमचं ऐकणार नाही.

७. क्लच आणि ब्रेक लिव्हर पूर्ण दाबून बघा. लिव्हरचं टोक किंवा तुमची करंगळी आरशाच्या पायाला लागत असेल तर लिव्हर थोडे आत सरकवा. ब्रेकचा क्लॅम्प हलवलात तर ऑइलची डबी पुन्हा सपाट आली का तेही बघा.

काही आरसे नळीच्या बाहेरून कडं आवळून बसतात. त्यांना भोकाची भानगड नाही, पण ग्रिप तेवढी आत सरकवावी लागते आणि त्यासाठी स्विचना जागा असावी लागते. लहान हँडलवर ती सहसा नसते.

काच थरथरते तेव्हा

एका सिलिंडरच्या गाडीवर ही तक्रार कायमची. इंजिन मिनिटाला ४००० फेरे फिरतं तेव्हा सेकंदाला ६७ हिसके बसतात. आरशाची स्वतःची कंपनगती त्याच्याशी जुळली की चित्र धूसर होतं. म्हणून आरसा प्रत्येक वेगाला थरथरत नाही, एका ठरावीक पट्ट्यातच थरथरतो. प्रश्न फक्त एवढाच की तो पट्टा तुमच्या रोजच्या वेगात येतो का.

दांडी निवडताना हे ध्यानात ठेवा : ८ मिमीची भरीव दांडी १० मिमीच्या दांडीच्या तुलनेत जेमतेम ४० टक्के ताठ असते. १५ सेंटिमीटरची दांडी २० सेंटिमीटरची केली तरी ताठपणा तितकाच खाली येतो. लांब आणि बारीक दांडी म्हणजे थरथरीला आमंत्रण. आधी सगळे नट तपासा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. मग दांडी आखूड करता येते का बघा. तरीही राहिलं तर आरशाच्या कवचात मागून थोडं वजन चिकटवा. अलॉय व्हील बॅलन्स करायला टायरवाले जी चिकटणारी वजनं वापरतात ती इथे नामी. वजन वाढलं की धूसर होण्याचा पट्टा खालच्या वेगाकडे सरकतो, जिथे तुम्ही फार वेळ थांबत नाही.

टोकाच्या आरशात वेगळं घडतं. कंपनीने दिलेलं वजन काढून तुम्ही हलका आरसा लावला असेल तर थरथर काचेइतकीच हातांनाही जाणवते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही वजन करून बघा. नवा आरसा फारच हलका असेल तर जड पायाचा घ्या.

कोन लावणे

पुन्हा पूर्ण कपड्यांत, सीटवर, गाडी सरळ. साइड स्टँडवर लावलेला कोन निरुपयोगी. क्षितिज काचेच्या मध्यावर किंवा किंचित वर यावं. आतल्या कडेला तुमच्या बाहीची बारीक पट्टी दिसू द्या. तिच्यामुळे मागचं वाहन तुमच्यापासून किती बाजूला आहे हे कळतं. ती पट्टी काचेच्या चौथ्या हिश्शाहून जास्त होत असेल तर आरसा बाहेर वळवा.

मग मित्राला मागून, दहा-बारा पावलांवरून, उजव्या बाजूने चालत पुढे यायला सांगा. तो आरशातून नाहीसा होतो तिथे खडूने रेघ मारा. डोळ्याच्या कोपऱ्यात दिसायला लागतो तिथे दुसरी. या दोन रेघांमधली जागा तुमच्या गाडीची आंधळी जागा, तिथे एक आख्खी ॲक्टिव्हा मावते. कोणताही आरसा लावला तरी ती शून्य होत नाही, त्यामुळे लेन बदलताना खांद्यावरून एक नजर टाकावीच लागते.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळं पुन्हा आवळा. त्याआधी, पहिल्या दिवशीच, चेकनट आणि क्लॅम्प यांच्यावरून नेलपेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवा. नट हलला की रेघ तुटलेली दिसते. घरातली बाटली घेताना विचारून घ्या.

पोलीस आणि आरटीओ

आरसे काढून फिरणं ही स्टाइल नाही, दंडाला कारण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली, २०१९च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीत मनमानी बदल करण्यावर कलम ५२चं बंधन आहेच. आकाराने पुरेसा, दोन्ही बाजूंना नीट बसवलेला, धारदार कडा नसलेला आरसा असेल तर सहसा कोणी आरशावरून अडवत नाही. टोकदार, खंजिरासारखे आरसे मात्र लावू नयेत. पोलिसांचं सोडा, पार्किंगमध्ये शेजारून जाणाऱ्या लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर ते येतात.

काढलेले मूळ आरसे, त्यांचे चेकनट आणि हँडलची वजनं एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवा, पिशवीवर गाडीचा नंबर लिहून. १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि त्या सकाळी उलट्या आट्यांचा उजवा आरसा शोधत कोणालाही नाना पेठेत हिंडायचं नसतं.